चार पायांवर उभा राहील असा बैल

पोळ्याला मातीची बैलजोडी बाजारात सहज मिळते. तरी श्रावण लागला की 'यंदा बैल घरीच करू' असं कुणाच्या तरी तोंडून निघतंच, आणि त्या क्षणापासून घरातली परात, चाळणी आणि एक धड धोतर यांचं काही खरं नसतं.

पहिली फसगत मातीची. माती काय, वावरात पडलीय! म्हणून आपण पोतंभर काळी माती आणतो. या मातीत कापूस येतो, सोयाबीन येतं, बैल येत नाही. पाणी पिऊन फुगायचं आणि वाळलं की आकसायचं, हा तिचा स्वभाव. वैशाखात जिथे पाऊल अडकेल एवढी भेग पडते, त्या मातीचा वीतभर बैल काय तग धरणार? कुंभाराकडून तयार माती मागून आणावी हे उत्तम. नाहीतर शाडू. काळ्या मातीचाच हट्ट असेल तर चार वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू घालावी. भेगा कमी होतात, हट्टही कमी होतो.

मग पाणी. एक किलो कोरड्या शाडूला ३०० ते ४०० मिली पुरतं, तेही थोडं थोडं. पण टँकरच्या रांगेत हंडे मोजणारा माणूससुद्धा परातीपुढे बसला की तांब्या उपडा करतो. चिखल होतो. चिखल आवरायला माती, माती कोरडी पडली म्हणून पाणी, असं करत दोन बैलांची माती गोठ्याला पुरेल एवढी होते. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघावी. तडकली तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. जमली की ओल्या फडक्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी पाटावर आपटून आपटून मळायची. शेजारी चौकशीला येतात, तो आवाज इथलाच.

आता खुद्द बैल. नवशिका धड वेगळं, पाय वेगळे, मुंडकं वेगळं करतो आणि पाणी लावून चिकटवतो. वाळताना प्रत्येक अवयव आपापल्या वाटेने निघून जातो. त्यापेक्षा अर्धा-पाऊण किलो मातीची वीतभर लांब, दोन इंच जाड वळी घ्यावी. दोन्ही टोकांना सुरीने दोन-दोन इंच उभी चीर द्यावी आणि चारही फाटे खाली वाकवावेत. झाले पाय, जोड एकही नाही. वशिंड आणि मान वरच्या मातीतूनच चिमटून ओढून काढायची. एवढं झालं की बैल हळूहळू गुडघे टेकतो. त्याला दोष देऊ नये. ओल्या पायांना पोटाचा भार पेलत नाही. पोटाखाली मातीचाच एक ठोकळा द्यावा, मध्ये कागद घालून, म्हणजे तो पुढे सुटून येतो. पाय जरा आवळले की काढावा. पायात तार घालायची युक्ती सगळ्यांना सुचते. माती आकसते, तार आकसत नाही, आणि पाय उभा फाटतो.

डोकं, शिंगं आणि कान मात्र जोडावेच लागतात. दोन्ही बाजूंना सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्याच मातीची पातळ रबडी लावायची आणि दाबून फिरवायचं. नुसत्या पाण्यावर चिकटवलेलं शिंग पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदामळणीला, बैलाला जेवणाचं आवतन द्यायच्या वेळीच गळतं.

वाळवण सावलीत. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवला की शिंगं तासाभरात वाळतात, पोट ओलंच राहतं, आणि दोघांच्या भांडणात मान तडकते. जाड भाग पोटातून कोरून भिंत बोटभर ठेवली तर बैल सारखा वाळतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांतल्या कित्येक दोन भागांच्या साच्यात काढून आतून पोकळ ठेवलेल्या. त्या कारागिरांनी साचा वापरला, आणि आपल्याला पहिलाच बैल हाताने, भरीव आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी हवा असतो! आठवडा तरी धरावा. वाळला का हे बघायला बैल गालाला लावावा. गार लागला तर आत ओल आहे.

रंगात चुकायची सोय भरपूर आहे, कारण आपल्याकडच्या बैलांच्या जाती मदतीला येतात. सगळा गेरू फासला की लाल कंधारी. चुन्यावर काजळी सांडून वेडेवाकडे डाग पडले तर देवणी जातीतला शेवेरा. तोंडच काळं झालं तर वानेरा. कान लोंबले तर चिंताच नको, देवणीचे लोंबतातच. ऑइलपेंट मात्र लावू नये, तो लावलेली माती पुन्हा भिजत नाही.

आणि वाळलेला बैल मोडला तर ओली माती लावून सांधू नये. नवी माती आकसून जोड सोडतेच. सबंध बैल फोडून, खडखडीत कोरडे तुकडे बादलीत टाकावेत. अर्धवट ओला गोळा पाण्यात तसाच बसून राहतो, कोरडा मात्र बघता बघता विरघळतो. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं, खालची माती फडक्यावर पसरायची आणि पुरण शिजायच्या आत दुसरा बैल उभा करायचा. तो ओलाच पाटावर बसवला तरी चालतं, फक्त ठोकळा काढू नये.