रात्री एकचा गजर

सहा वर्षं झाली, मी सलग चार तासांपेक्षा जास्त झोपले त्या रात्री बोटांवर मोजता येतील. आज हे लिहायला बसले, कारण परवा नेहमीच्या तपासणीत मुलीच्या फाईलमध्ये सगळं नोंदलं गेलं. साखर, लॅक्टेट, यकृताचा आकार, उंची, वजन. तिची रात्र कोण सांभाळतं, हे मात्र सहा वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

तिला ग्लायकोजेन साठवणुकीचा आजार आहे, टाइप 1. लाखात एखाद्या बाळाला होणारा. आपण जेवतो त्यातली जास्तीची साखर यकृत साठवून ठेवतं आणि पोट रिकामं असताना, झोपेत, थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. माझ्या मुलीचं यकृत साठवतं, पण सोडू शकत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइम तिच्याकडे काम करत नाही. तीन-चार तास पोटात काही गेलं नाही की साखर उतरायला लागते. झोपेत उतरली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

यावर उपाय म्हणजे कच्चा कॉर्नस्टार्च, म्हणजे मक्याचा स्टार्च. ग्रॅममध्ये मोजून, गार पाण्यात ढवळून, ठरलेल्या वेळी. गरम पाणी अजिबात नाही, कारण शिजलेला स्टार्च झटकन पचून जातो. कच्चा असेल तरच तो हळूहळू पचत तासन्‌तास साखर पुरवतो. हा उपाय 1984 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी अशा मुलांना रात्रभर नळीवाटे अन्न द्यावं लागायचं. इतकी साधी गोष्ट शोधून काढणाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे.

आमच्याकडे वेळा आहेत रात्री नऊ, एक आणि पाच. दोन मोबाईल आणि एक घड्याळ, असे तीन गजर. नवऱ्याने आणि मी रात्री वाटून घेतल्या आहेत, पण त्याच्या पाळीलाही माझे कान गजराकडेच असतात. झोपेतल्या लेकराला उठवून बसवायचं, पेला ओठांना लावायचा, शेवटचा घोट गिळेपर्यंत थांबायचं. उलटी झाली तर सगळं नव्याने ठरवायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: एखादं एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही अशा आजारांत आई-बाप हेच औषधाचा अर्धा भाग असतात. शरीरातलं जे एन्झाइम काम करत नाही, त्याची पाळी आम्ही करतो. पीकेयू म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला वापरता न येण्याचा आजार, त्या मुलांचे पालक प्रथिनांचा हिशेब ठेवतात. युरिया सायकलच्या आजारात प्रथिनांतून तयार होणारा विषारी अमोनिया शरीराला बाहेर टाकता येत नाही, तिथले पालक तो वाढू नये म्हणून प्रत्येक तापाला धास्तावतात. आजार वेगळे, पण पहारा तोच. आणि पहारेकरी थकला, गजर बंद करून पुन्हा झोपला, तर धोका थेट मुलाला आहे. म्हणून पालकांची झोप हा मुलाच्या उपचाराचाच प्रश्न आहे. डॉक्टरांनी तो विचारावा, फाईलमध्ये लिहावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला हे शिकवल्याशिवाय आम्हाला घरी सोडू नये.

निदान झालं त्या दिवशी आम्हाला वेळापत्रक मिळालं, आहाराचा तक्ता मिळाला. धीर देणारं कुणी भेटलं नाही. पुढचा महिना मी एकाच प्रश्नात घालवला, हे कुणाच्या घराण्यातून आलं? नातेवाईकही तेच विचारत होते, आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच असतं. दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं, आणि असे दोघे एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी दोन्हीकडच्या मंडळींना समोर बसवून सांगायला हवं होतं.

तातडीच्या वेळचं तर वेगळंच. मुलगी चार वर्षांची असताना तिला उलट्या सुरू झाल्या. स्टार्च पोटात टिकेना. आम्ही जवळच्या एका रुग्णालयात पोचलो. हातात तज्ज्ञांचं पत्र होतं: शिरेतून ग्लुकोज लगेच सुरू करा, तपासण्यांसाठी थांबू नका. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, आधी रिपोर्ट येऊ देत. त्यांनी या आजाराचं नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल, तो त्यांचा दोष नाही. पण पत्र वाचून एक फोन करायला काय हरकत होती? पाऊण तास मी विनवण्या केल्या. ती वाचली. मी मात्र अजूनही त्या पाऊण तासातून पूर्ण बाहेर आलेले नाही. ते पत्र मानलं जावं, आणि त्यावरचा नंबर मध्यरात्रीही कुणीतरी उचलावा, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

पीकेयूचा शोध कसा लागला, हे मला फार जवळचं वाटतं. नॉर्वेत बोर्गनी एगेलंड नावाच्या आईची दोन्ही मुलं मागे पडत होती आणि त्यांच्या अंगाला विचित्र वास येत होता. ती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिली. शेवटी अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तिचं ऐकलं, मुलांची लघवी तपासली आणि 1934 साली आजार ओळखला. तिच्या मुलांसाठी उशीर झाला होता. तिच्या त्या खेपांचा फायदा पुढच्या हजारो मुलांना झाला.

‘देव अशी मुलं खास आई-बापांनाच देतो’, ‘तू किती खंबीर आहेस’. लोक मायेनेच बोलतात, मला कळतं. पण एकदा खंबीर ठरवलं की मदत मागायला तोंड उघडत नाही. भावनेपेक्षा मला हात हवे आहेत.

ते हात गेल्या महिन्यात मिळाले. माझी नणंद आली आणि म्हणाली, ‘वहिनी, वजनकाटा कुठेय? मला शिकवा.’ तीन रात्री ती माझ्याशेजारी जागली, वहीत ग्रॅम आणि वेळा लिहून घेतल्या, उलटी झाली तर काय करायचं ते दोनदा विचारलं. चौथ्या रात्री तिने मुलीला आपल्या खोलीत नेलं आणि माझे दोन्ही मोबाईल स्वतःकडे घेतले.

सकाळी सातला जाग आली तेव्हा आधी धस्स झालं. धावत गेले. दोघी पलंगावर बसून चित्र रंगवत होत्या. वहीत नऊ, एक आणि पाचसमोर बरोबरच्या खुणा होत्या, खाली सकाळची साखर लिहिलेली: 94.