शायॅन कादंबरीत निम्मा वाटा कुणाचा?

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, डेन्व्हरच्या पश्चिमेला, १४,००० फुटांहून उंच असा एक डोंगर आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्याला जॉन एव्हन्स या जुन्या गव्हर्नरचं नाव होतं. एव्हन्सच्याच कारकिर्दीत, २९ नोव्हेंबर १८६४ रोजी, कर्नल चिव्हिंग्टनच्या सुमारे सातशे सैनिकांनी सँड क्रीकवर तळ देऊन राहिलेल्या शायॅन आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या लोकांची कत्तल केली. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या हिशेबाने सुमारे २३० माणसं मेली, त्यात बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. डोंगराचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा ओक्लाहोमातल्या शायॅन आणि अरापाहो जमातींच्या सरकारने 'ब्लू स्काय' सुचवलं. मोंटानातल्या नॉर्दर्न शायॅन सरकारने त्याला हरकत घेतली. हे शब्द आमच्या पवित्र विधीशी जोडलेले आहेत, ते डोंगराला देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ब्लू स्कायच ठरलं.

त्याच वर्षी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. त्या वादात कोण कुठल्या बाजूला आहे हे आपल्याला न विचारता कळत होतं. कोलोराडोतल्या वादात दोन्ही बाजूंना शायॅनच होते. त्यामुळे "शायॅन लोकांची परवानगी घेऊन लिहिलेली कादंबरी" असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या शायॅनांची? मोंटानातल्या लेम डिअरच्या की ओक्लाहोमातल्या काँचोच्या? सरकारची, विधी सांभाळणाऱ्यांची, की ज्यांचे पणजोबा त्या प्रकरणात मेले त्या घराची? या परवानग्या वेगवेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही.

शायॅन सहलेखकासोबत कादंबरी लिहायची तर काय ठरवून घ्यावं, हा विषय मराठीत काढायचं कारण आहे. १८५१ च्या फोर्ट लॅरामी करारात नॉर्थ प्लॅट आणि आर्कन्सॉ नद्यांमधला मुलूख शायॅन-अरापाहोंचा म्हणून मान्य झाला होता. सोनं सापडल्यावर, १८६१ च्या फोर्ट वाइज करारात तो सुमारे एक तेरांशावर आला. आज डेन्व्हरच्या उपनगरांत मराठी घरं आहेत ती याच मुलखावर. तिथे राहणाऱ्या लिहित्या माणसाला हा इतिहास खुणावणारच. पण आपण वाद बरोबर आणतो तो घरचा: दुसऱ्याचं दुःख लिहायचा अधिकार कुणाला? दलित साहित्याने हा प्रश्न मराठीत फार धारदार करून ठेवला, आणि वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' कवितेने तो आदिवासींच्या बाजूने पुन्हा विचारला. अमेरिकेतल्या प्रकाशन व्यवसायापेक्षा हा प्रश्न आपल्याकडे जास्त प्रामाणिकपणे विचारला गेला, असं माझं मत आहे. अमेरिकेत बरेचदा एखाद्या 'सेन्सिटिव्हिटी रीडर'ला (त्या समाजाबद्दल खटकणारं काही आहे का ते तपासणाऱ्या वाचकाला) ठोक मानधन देऊन हस्तलिखित वाचून घेतात आणि विषय मिटतो. त्याच्या सूचना मान्य करायचं बंधन कुणावर नसतं.

तरीही अधिकार कुणाला यावर आपण जितकं बोलतो, तितकं पैसे, मालकी आणि नकाराधिकार यांवर बोलत नाही. सहलेखन तिथेच तुटतं.

मराठीत शब्दांकनाची जुनी परंपरा आहे. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. शायॅनांच्या बाबतीत याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. वुडन लेग हा लिटल बिगहॉर्नला, म्हणजे लष्करी अधिकारी कस्टर मारला गेला त्या १८७६ च्या लढाईत, लढलेला योद्धा. त्याची हकीकत डॉ. थॉमस मार्क्विस यांनी बव्हंशी खुणांच्या भाषेतून समजून घेतली आणि १९३१ मध्ये छापली. निवेदन वुडन लेगच्या 'मी'चं, पण लेखक म्हणून नाव मार्क्विसचं. पुढे जॉन स्टँड्स इन टिंबर यांनी जमातीच्या आठवणी गोळा केल्या आणि मार्गो लिबर्टी यांच्यासोबत त्यांचं पुस्तक केलं. १९६७ च्या त्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत, स्टँड्स इन टिंबर यांचं आधी. पुस्तक छापून येण्यापूर्वीच स्टँड्स इन टिंबर वारले, ही गोष्ट वेगळी. दोन्ही पुस्तकं मोलाची, पण सहलेखन म्हणायचं ते दुसऱ्याला.

कायदा इथे सांगणाऱ्याच्या बाजूने नाही, हे आधी समजून घ्यावं. घटना, कल्पना, तोंडी सांगितलेली गोष्ट यांना अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही. तो मिळतो लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या अभिव्यक्तीला. एखाद्या आजीबाईंनी सगळं कथानक सांगितलं आणि तुम्ही टाइप केलं, तर करार नसताना त्या आजींचा वाटा शून्य. उलट दोघांनी मिळून एकच कृती करायच्या हेतूने दोघांनीही मजकूर लिहिला, तर कायदा दोघांना सारखे मालक धरतो, मग एकाने तीनशे पानं लिहिलेली असोत आणि दुसऱ्याने साठ. शिवाय दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला न विचारता बिनएकाधिकार परवाना (तोच हक्क इतरांनाही देता येईल असा) देऊ शकतो. फक्त आलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे एखादी पवित्र गोष्ट सहलेखकाच्या भरवशावर कादंबरीत आली, तर तिच्या वापराची परवानगी तुम्ही परस्पर देऊ शकता. हे दार करारातच बंद करायचं: कुठलाही परवाना दोघांच्या सहीशिवाय नाही.

पैशाचं गणितही लेखी असावं. समजा १८ डॉलरची पेपरबॅक आहे आणि रॉयल्टी साडेसात टक्के. एका प्रतीमागे १.३५ डॉलर. तीन हजार प्रती खपल्या तर ४,०५० डॉलर. एजंटचे १५ टक्के, म्हणजे ६०७.५० वजा जाता उरतात ३,४४२.५०. निम्मे केले की माणशी १,७२१.२५. डेन्व्हर ते लेम डिअर एका बाजूने सुमारे पाचशे मैल. चार फेऱ्यांत पेट्रोल आणि मोटेल यांवरच त्याचा मोठा भाग जातो. म्हणून ज्येष्ठांचं मानधन रॉयल्टीच्या आशेवर ठेवू नये. बसल्या दिवशी द्यावं, सोबत तंबाखूची भेट, आणि त्याची तजवीज पहिल्या पानाआधी करावी. "पुस्तक चाललं की देऊ" हे वाक्य त्या भागात दीडशे वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकून झालं आहे.

कामाची रीत मी अशी सुचवेन. आधी एक तक्ता करावा: तारीख, ठिकाण, लष्करी कागद काय म्हणतो, घराण्यातली आठवण काय म्हणते, आणि कादंबरीत कुठलं घेतलं. दोन्ही जुळत नसतील तिथे जुळवायला जाऊ नये. सँड क्रीकची जागा ठरवतानाही त्या कत्तलीतून वाचलेले जॉर्ज बेंट यांचे नकाशे आणि वंशजांची परंपरा एकीकडे, आणि जमिनीत सापडलेल्या गोळ्या दुसरीकडे, असा वाद झाला होता. मग प्रकरणं वाटून घ्यावीत, पण घटनांप्रमाणे नको; 'लढाई तू, घर मी' अशी वाटणी केली की दोन पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखं होतं. पात्रांप्रमाणे वाटलेलं बरं. मसुद्याच्या दोन फेऱ्या झाल्या की तो जमातीच्या सांस्कृतिक वारसा कार्यालयाकडे आणि ज्यांचे पूर्वज पात्रं म्हणून येतात त्या घरांकडे जावा. वाचायला तीन-चार महिने द्यावेत, आणि ते उन्हाळ्यात नको, कारण तेव्हा विधींचे दिवस असतात. प्रकाशकाच्या मुदतीत हे महिने धरलेले नसतात, ते धरून घ्यावे लागतात.

आता चुका कुठे होतात ते. सगळ्यात मोठी चूक नात्यांची. शायॅनांत बापाचा भाऊ हा बापच, आईची बहीण ही आईच; मामा आणि आत्या मात्र वेगळे. चुलत, मावस, मामे, आते ही सगळी भावंडंच. इंग्रजी 'अंकल' आणि 'कझिन' यांत हे सगळं वाहून जातं. मराठी लेखकाच्या कानाला हा फरक पटकन लागतो, ही आपली एक जमेची बाजू.

त्याहून नाजूक म्हणजे भाऊ-बहिणीतला संकोच. वयात आल्यावर सख्खे बहीण-भाऊ एकमेकांशी थेट, मोकळं बोलत नसत. १७ जून १८७६ ला रोझबडच्या लढाईत बफेलो काफ रोड वुमन घोडा दौडवत गेली आणि अडकलेल्या भावाला, कम्स इन साइटला, उचलून घेऊन आली. शायॅन त्या लढाईची आठवण 'मुलीने भावाला वाचवलं ती लढाई' अशीच ठेवतात. हे न कळलेला लेखक घोड्यावर दोघांना अश्रूंनी भिजलेले संवाद देतो. कळलेला लेखक तिथे एकही शब्द ठेवणार नाही, आणि त्या प्रसंगाची सगळी ताकद तिथेच आहे.

दुसरी चूक 'युद्धप्रमुख' हा शब्द. चव्वेचाळीस जणांची परिषद ही शांततेच्या प्रमुखांची. लढाईचा कारभार डॉग सोल्जर्स, एल्क, किट फॉक्स अशा योद्धा-संघांकडे. आपल्या डोक्यात राजा आणि सेनापती असल्यामुळे ही रचना मोडते. लिटल वुल्फ परिषदेतला फार वरच्या मानाचा प्रमुख. १८८० मध्ये दारूच्या अमलात त्याने एका शायॅन माणसाला गोळी घातली आणि शायॅन कायद्याप्रमाणे मानपान सोडून उरलेलं आयुष्य बाजूला राहून काढलं. १८७८ ची उत्तरेकडे मायदेशी परतण्याची प्रसिद्ध वाटचाल सगळेच लिहितात. ही पुढची वीसेक वर्षं लिहायची हिंमत फारशी कुणी करत नाही.

त्या वाटचालीतही एक तुकडा हमखास गळतो. सप्टेंबर १८७८ मध्ये सुमारे ३५० लोक ओक्लाहोमातून उत्तरेकडे निघाले. वाटेत उत्तर-पश्चिम कॅन्ससमध्ये तरुणांनी डझनावारी वसाहतकरी मारले. बाहेरचा लेखक हे गाळतो, कारण त्याला निष्कलंक नायक हवे असतात. शायॅन सहलेखक सांगतो की त्याच भागात, साप्पा क्रीकवर, एप्रिल १८७५ मध्ये लष्कराने शायॅनांना मारलं होतं. दोन्ही ठेवलं तर प्रकरण उभं राहतं.

तपशिलांत तारखा तपासल्या की फायदा होतो. नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये कोंडलेले, त्याच वाटचालीतले मॉर्निंग स्टार या प्रमुखाचे लोक ९ जानेवारी १८७९ च्या रात्री बराकीच्या खिडक्यांतून निसटले. पौर्णिमा नुकतीच झाली होती, जमिनीवर बर्फ. 'अंधाराचा फायदा घेऊन' असं लिहिलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. काही बंदुका सुट्या करून, त्यांचे भाग बायका-मुलांच्या अंगावर दागिन्यांसारखे घालून आत नेल्या होत्या. तंबू उभारताना शायॅन आधी तीन खांब बांधतात. चारची रीत क्रो आणि ब्लॅकफूट लोकांची. आणि शायॅन शब्द लिहायचे तर त्यांची चौदा अक्षरांची लिपी पाळावी. कुजबुजत उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांच्या खुणा टाइपसेटर हमखास उडवतो, म्हणून शेवटचं प्रूफ सहलेखकाने वाचावं.

पवित्र गोष्टींचं काय? चार पवित्र बाण आणि पवित्र टोपी यांची गाठोडी, त्यांत काय आहे, विधीत काय म्हटलं जातं, हे कादंबरीत नको. छापील ग्रंथांत वर्णन सापडतं म्हणून ते मोकळं होत नाही. पण प्रसंग सोडून द्यावा लागतो असंही नाही. बाणांच्या नूतनीकरणाच्या वेळी सगळ्या छावणीने शांतता पाळायची आणि योद्धा-संघांनी पहारा द्यायचा. बाहेरच्या तंबूत मूल गप्प ठेवणारी आई लिहा. विधी आत चालू राहील. काय कधी सांगायचं हे ते लोक ठरवतात. कस्टरला घोड्यावरून पाडणारा घाव बफेलो काफ रोड वुमनचा होता, हे नॉर्दर्न शायॅन कथेकऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २००५ मध्ये, शंभराहून अधिक वर्षं गप्प राहून.

इथे घरची आठवण येते. जानेवारी २००४ मध्ये एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. त्यानंतर आपल्याकडे दोनच भूमिका उरल्यासारख्या झाल्या: लेखकाला सगळं मोकळं, किंवा भावना दुखावल्या तर काहीच नाही. शायॅन रीत या दोन्हींपेक्षा अवघड आहे, कारण ती छापण्याआधी कामाला लावते. वारली, कोरकू, गोंड कथांची आपली किती संकलनं सांगणाऱ्याच्या नावाशिवाय छापली गेली, आणि मुखपृष्ठावर नाव फक्त संकलकाचं? तिथे कुणी दगड मारला नाही म्हणून सगळं ठीक होतं असं नाही. भारतातला कायदाही कल्पनेला नव्हे, लिहिलेल्या शब्दालाच राखतो, तेव्हा शब्दांकनाचा करार नसेल तर नाशिक-पालघरच्या आजीचीही गत लेम डिअरच्या आजीसारखीच.

मुदत मात्र वेगळी: संयुक्त कृतीला अमेरिकेत शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. म्हणून सहलेखक गेल्यावर त्याच्या वतीने हो-नाही कोण म्हणणार, ते नाव करारात हवं. हा हक्क वारसांकडे जातो की जमातीच्या एखाद्या संस्थेकडे, हे दोघं हयात असतानाच ठरवावं.

आणि मराठी आवृत्ती निघणार असेल, तर अनुवादाचा मसुदा आणि मुखपृष्ठ याच वाचकांकडे परत जायला हवं. आपल्याकडचा चित्रकार पिसांचा टोप आणि चार खांब काढणार हे गृहीत धरावं. प्रकाशक करारात लिहितो की मुखपृष्ठाबाबत लेखकांशी 'सल्लामसलत' केली जाईल. तिथे 'लेखी मंजुरी' घालून घ्यावी. विद्यापीठांची छोटी प्रकाशनं ती देतात, मोठी बरीच घासाघीस करतात, आणि सल्लामसलतीवर सही केली तर चित्र छापखान्यात गेल्यावर ईमेल येते.