पोटभाडेकरू

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आमचे बाबा सेक्रेटरी आहेत. या दोन गोष्टींमुळे आमच्याकडे विघ्नहर्त्याचं विसर्जन झालं, की लगेच विघ्नाची प्रतिष्ठापना होते.

यंदा ऐन त्या वेळी बाबांचा कॉम्प्युटर गेला. तसा तो केव्हाच जायला हवा होता. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला, तेव्हा मी बाबांना तसं सांगितलंही होतं. "सपोर्ट त्यांनी काढला ना? माझा आहे," असं म्हणून ते पुन्हा इतिवृत्त टाइप करायला बसले होते. थकबाकी, गळती आणि पोटभाडेकरू या तीन विषयांवरच्या वीस वर्षांच्या नोटिसा त्या मशीनवर होत्या, त्याही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली की 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' याच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि उलटे प्रश्नचिन्ह. बाबांचं ते सॉफ्टवेअर एक्सपी सोडून कुठे पाऊल टाकायला तयार नव्हतं.

"काळजी करू नका बाबा," मी म्हणालो, "तुमचा अख्खा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपात बसवतो."

हे वाक्य मी बायकोच्या देखत बोललो, हीच चूक.

एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर टाकणं सोपं असतं. त्यात एक्सपी टाकणंही सोपं. ते झटपट चालू होणं मात्र आमच्या नशिबी नव्हतं. पहिल्या दिवशी एक्सपीच्या पडद्यावरचं ते हिरवं टेकाड दिसायला सात मिनिटं लागली. स्टार्ट दाबलं की मेनू खालून एकेक ओळ वर यायचा, खोल विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा. त्यात बाबांनी खिडकीत क्लिक केलं आणि माउसचा बाण आत अडकला. बाहेर येईना.

"अरे, हा कोंडला गेला."

"उजवीकडचं कंट्रोल दाबा."

बाबांनी डावीकडचं दाबलं. मग दोन्ही. मग माउस उचलून झटकला. शेवटी मी गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाचा प्रकार आत टाकला, तेव्हा बाण उंबरठा ओलांडून आत-बाहेर करू लागला आणि चित्रही पूर्ण पडद्यावर पसरलं. खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी टाकायचं असतं. मी तिसऱ्या दिवशी टाकलं.

"आणि हे खाली कोपऱ्यात कासव कसलं रे?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

खरंच एक इवलंसं हिरवं कासव होतं.

"काही नाही, डिझाइन असतं."

"चांगलंय. देवळात गाभाऱ्याच्या आधी कासव असतंच. त्याच्यावर क्लिक नको करू."

मी केलं नाही. पुढचे पाच दिवस मी ते सोडून बाकी सगळ्यावर क्लिक केलं.

पहिला उपाय मेमरीचा. माझ्या लॅपटॉपात ८ जीबी. मेमरीची पट्टी मी दामटून पुढे सरकवली आणि पाहुण्या एक्सपीला ४ जीबी देऊन टाकली. हा पाहुणा मुळात १२८ एमबीत सुखाने संसार करणारा. ३२ बिटी असल्यामुळे दिलेले चार जीबी त्याला पूर्ण घेताही येत नाहीत. म्हणजे अर्धपोट जेवणाऱ्या माणसाला आग्रह करकरून जिलब्या वाढायच्या आणि स्वयंपाकघरात घरचे उपाशी. झालंही तसंच. खाली माझं विंडोज मेमरी पुरेना म्हणून डिस्कवर कागद ठेवत-काढत बसलं आणि दोघंही गोगलगाय झाले. शेवटी ५१२ एमबीवर आणलं. एक्सपीने तक्रार केली नाही.

मग प्रोसेसर. एकाऐवजी चार दिले. काडीचा फरक नाही. दोन रात्री घालवल्यावर कळलं, की एक्सपी इन्स्टॉल होताना जर समोर एकच प्रोसेसर दिसला, तर तो मनाशी गाठ बांधून ठेवतो, आपलं एकच. नंतर चार पाट मांडा, तो आपल्या पाटावरून हलत नाही.

मग डिस्क. इथे दोष सर्वस्वी माझा. बाबांच्या एक्सपीची व्हर्च्युअल डिस्क म्हणजे वीस जीबीची एक फाइल, ती मी जागा वाचवायला जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर ठेवली होती, जी यूएसबीला लोंबकळत होती. वर स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची जतन केलेली स्थिती. काही बदलण्याआधी मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवावा, हे मी कुठेतरी वाचलेलं. मी अकरा घेतले. त्यांतल्या काहींची नावं: 'चालतंय', 'आता चालतंय', 'आता नक्की', 'बाबांना दाखवण्याआधी', 'बाबांना दाखवल्यानंतर'. प्रत्येक स्नॅपशॉट ही मूळ फाइलवर चढवलेली एक वेगळी फाइल असते. साधी एक नोटीस वाचायची, तर त्या बिचाऱ्याला वरच्या मजल्यापासून विचारत खाली यावं लागे: तुझ्याकडे आहे का? नाही. तुझ्याकडे? ते सगळे पुसले आणि फाइल लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, आणली. सात मिनिटांची चार झाली. बायको म्हणाली, "प्रगती आहे." हे तिने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं.

पहारेकरीही दोन निघाले. बाहेरचा अँटिव्हायरस ती वीस जीबीची फाइल हलली रे हलली की अथपासून इतिपर्यंत हुंगत होता. आत बाबांचा स्वतःचा एक होता, मुदत संपलेला, आणि दर दहा मिनिटांनी कुठल्याशा बंद पडलेल्या पत्त्यावर अपडेट मागायला जाणारा. बाहेरच्याला सांगितलं, या फाइलकडे बघू नकोस. आतल्याला निवृत्त केलं. नेटवर्कची तारही काढून टाकली. ज्याची नियमित लस २०१४ पासून बंद आहे, त्याला बाजारात फिरायला सोडत नाहीत.

तरी तीन मिनिटं. सभेला नऊ दिवस.

त्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी कासवावर बाण नेला. नुसता नेला, क्लिक केलं नाही. तेवढ्याने ते बोललं.

घोटाळा असा होता. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीन पळवण्याची खास सोय असते, इंटेलवाले तिला व्हीटी-एक्स म्हणतात. ती एका वेळी एकाच मालकाच्या हातात राहते. फेब्रुवारीत ऑफिसातल्या पोरांसमोर लाज जाऊ नये म्हणून मी विंडोजमध्ये लिनक्स चालू केलं होतं. दोन आज्ञा दिल्या, एक केक खाल्ला आणि विसरून गेलो. त्यासाठी विंडोजने गुपचूप हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा स्वतःचा कारभारी, उठवला होता. आता तो सगळ्यांच्या तळाशी, थेट प्रोसेसरला चिकटून बसलेला. ज्या विंडोजला मी यजमान समजत होतो, ते त्याच्याच वरच्या खोलीत राहत होतं. आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रत्येक गोष्ट त्या खालच्याकडे मागून आणावी लागत होती. हे चाललंय, एवढंच ते कासव इतके दिवस सांगत होतं.

सकाळी बाबांना समजावताना माझ्याजवळ एकच शब्द होता. "बाबा, माझं विंडोजच भाडेकरू निघालं. तुमचा एक्सपी पोटभाडेकरू."

बाबा एकदम सरळ बसले. इतक्या वर्षांत माझं एखादं तांत्रिक वाक्य त्यांना पहिल्या फटक्यात समजलं.

"लेखी परवानगी कोणी दिली होती?"

"मीच. फेब्रुवारीत."

"मग नोटीस कोणाच्या नावाने काढायची?"

विंडोजच्या फीचर्सच्या यादीतल्या त्याच्याशी संबंधित तीन खुणा काढल्या, त्याच्याच आधाराने चालणारी मेमरी इंटेग्रिटी नावाची सुरक्षा बंद केली, काळ्या खिडकीत हायपर-व्हीला उठूच न देणारी बीसीडीएडिट या आज्ञेची ओळ चालवली आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला. नुसतं रीस्टार्ट करून भागेल असं वाटत होतं, पण आता मी कोणावरही विश्वास ठेवायला तयार नव्हतो. कोपऱ्यात कासवाच्या जागी 'व्ही' लिहिलेली चिप.

"या बाबा. करा चालू."

बाबांनी बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे आधण ठेवायला उठले. ते दारापर्यंत पोचेपर्यंत टेकाड आलं, आयकॉन आले, स्टार्ट दाबलं तर मेनू टचकन वर. चोवीस सेकंद. मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

"बाबा, झालं! उघडलं!"

बाबा दारातच थांबले. हातात चहाचा डबा. लांबूनच त्यांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे निरखून पाहिलं.

"कासव काढलंस?"

"काढलं ना. त्याच्यामुळेच तर..."

"हं." त्यांनी डबा काखेत धरला. "बंद कर आणि दहा मिनिटांनी लाव. चहा व्हायचाय अजून."