विंचेस्टरचं कॅथीड्रल एकट्या पाणबुड्यानं वाचवलं?

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: इंग्लंडमधलं विंचेस्टरचं कॅथीड्रल खचत होतं, तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या एकट्या पाणबुड्यानं 1906 ते 1911 अंधाऱ्या पाण्यात राबून 25,000 पोती काँक्रीट, 1,14,900 ठोकळे आणि 9,00,000 विटा रचल्या आणि ते वाचवलं. कामाला एवढा माल लागला हे खरं. तो सगळा एका माणसानं रचला, हे मात्र साफ चूक.

आधी विटांचा हिशोब. रविवार सोडले तर त्या काळात साधारण 1,700 दिवस भरतात. म्हणजे रोज पाचशेवर विटा आणि वर साठ-सत्तर ठोकळे. तेही 90 किलोंचा पोशाख अंगावर चढवून, सहा तासांच्या पाळीत, जिथे स्वतःचा हातही दिसत नाही. हे शक्य नाही, आणि तशी गरजही नव्हती. विटा कोरड्यात रचल्या, गवंड्यांनी. कामावर दीडशेच्या आसपास माणसं होती.

मग पाणबुड्या हवा कशाला होता? 'पंप लावून पाणी उपसायचं की,' असं त्या मजकुराखाली अनेकांनी लिहिलंय. खरी गोम इथेच आहे. विंचेस्टर वसलंय इचेन नदीच्या खोऱ्यात. भिंतींखाली चिकट माती, तिच्याखाली पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा दबणारा थर, आणि त्याखाली घट्ट खडी. खडीपर्यंत जायचं तर पीट फोडावं लागतं, आणि तो फुटला की खालून पाणी उसळतं. इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांना धोका दिसला तो असा: जोरानं उपसा केला तर पाण्याबरोबर बारीक रेती-मातीही खेचली जाईल, शेजारच्या भिंतीखाली पोकळी होईल आणि भिंतच बसेल.

म्हणून क्रम असा ठरला. आधी भिंतींना लाकडी टेकू दिले, तड्यांमध्ये दाबानं सिमेंटचं पातळ मिश्रण भरलं. मग भिंतीखाली एका वेळी एकच अरुंद खड्डा, कडेला फळ्यांचा आधार देत. खड्डा पाण्यानं भरला की वॉकर उतरायचा, पीटचा राहिलेला थर काढायचा आणि उघड्या खडीवर चाचपडत काँक्रीटची पोती ओळीनं बसवायचा. पीटमुळे पाणी इतकं गढूळ व्हायचं की दिवा नेऊनही उपयोग नव्हता. काँक्रीट घट्ट झालं की तळ बंद. आता उपसा केला तरी खालून काही खेचलं जात नाही. त्यानंतर गवंडी उतरायचे, ठोकळे आणि विटा रचत जुन्या पायाच्या बुडापर्यंत यायचे आणि शेवटची फट ठासून भरायचे. ती फट सैल राहिली तर भिंत पुन्हा खचणार, मग खालचं काम कितीही पक्कं असो.

म्हणजे वॉकरनं तळ सील केला. ते काम त्या जागी पाणबुड्याशिवाय होण्यासारखं नव्हतं, आणि त्याचा मान तिथेच आहे. पण आराखडा वास्तुविशारद टी. जी. जॅक्सन आणि फॉक्स यांचा होता. नेव्हच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या मुख्य लांबट दालनाच्या, दक्षिण भिंतीला तर पाण्याखालच्या कामानंतरही जॅक्सन यांना बाहेरून दगडी टेकू उभारावे लागले, कारण तिला आधार देणारा मठाचा ओवरीवजा भाग 16व्या शतकात पाडला होता. उलटी चूकही घडलीय: 1964 साली वॉकरचा म्हणून बसवलेल्या पुतळ्याला फॉक्स यांचा चेहरा होता. वॉकरचा खरा चेहरा असलेला पुतळा 2001 मध्ये आला.

'मध्ययुगीन गवंड्यांना पाया कळत नव्हता' हेही त्याच मजकुरात आहे. मुख्य इमारत 1079 मध्ये सुरू झाली. पूर्वेकडचा जास्त खचलेला भाग नंतरचा, 13व्या शतकाच्या सुरुवातीचा. तो ओंडक्यांच्या तराफ्यावर उभा केला होता. भूजलाच्या खाली खोदायला त्यांच्याकडे साधनं नव्हती, म्हणून वजन पसरवायचा हा उपाय. तो सातशे वर्षं तगला. पीट हळूहळू दबत गेला, सगळीकडे सारखा नाही, म्हणून तडे गेले.

राहता राहिला त्याच मजकुरातला 'पाणी कायमचं हटवलं' हा दावा. तसं काहीच झालेलं नाही. पाणी होतं तिथेच आहे. भिंतींचं वजन तेवढं पीटवरून खडीवर नेलं. हिवाळ्यात भूजल वर आलं की तळघरात आजही पाणी भरतं, आणि तिथला, शिल्पकार अँटनी गॉर्मलीनं घडवलेला पुतळा त्या पाण्यात उभा असतो.