‘वासे’ म्हणजे घरात वास करणारी माणसं? नाही हो!

‘घर फिरलं की घराचे वासे फिरतात’ या म्हणीचा नवा अर्थ सध्या मेसेजमधून फिरतोय: वासे म्हणजे घरात ‘वास’ करणारी माणसं. लाकडाशी संबंध नाही, आणि लाकूडच म्हणायचं तर वासा म्हणजे तुळई.

माणसांचा मुद्दा व्याकरणातच निकालात निघतो. ‘वास’चं अनेकवचन ‘वास’च. ‘वासे’ होतात ते ‘वासा’चे, आंब्याचे आंबे होतात तसे. जुन्या लिखाणात हा शब्द ‘वांसा’ असा दिसतो. मूळ संस्कृत ‘वंश’, म्हणजे बांबू. अनुस्वार तिथून आला. राहण्याच्या ‘वासा’वर तो कधीच नव्हता.

आता तुळई. कोकणातलं कौलारू घर घ्या. तुळई आडवी, भिंतीवरून भिंतीवर टेकलेली. तिच्यावरच्या आखूड खांबांवर आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. वासा मात्र तिरपा: वरचं टोक आढ्यावर, खालचं भिंतीच्या माथ्यावरून वळचणीपर्यंत. दोन वाशांत दीड-दोन फूट अंतर. वाशांवर आडव्या रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, साधारण साडेबारा इंचांवर एक, आणि त्यांवर मंगलोरी कौलं, प्रत्येकी दोन-अडीच किलोंची. माळवदाच्या सपाट छपराला वासे नसतात, कड्या असतात, म्हणजे आडवी लाकडं. लाकूड सागाचं असो, माडाचं असो की नुसता बांबू. वासा हे जागेचं नाव, झाडाचं नव्हे.

‘लाकूड कसं फिरेल?’ हा प्रश्न तर न वाळवलेलं लाकूड वापरलेल्या कुणीही विचारू नये. ओला वासा छपरावरच वाळतो आणि पीळ घेतो. रीप उचलली जाते, कौलाची खाच सुटते, पहिल्या मोठ्या सरीला घरात धार. दुसरा प्रकार म्हणीच्या जास्त जवळचा. खांब खचला किंवा तुळई वाकली की आढं पातळी सोडतं आणि वासे त्याच्यामागे सरकतात. अशा वेळी नुसते वासे बदलून काही होत नाही. आधी तुळईला टेकू द्यायचा, आढं पातळीत आणायचं, मग रिपा-कौलं. घर आधी फिरतं, वासे नंतर. म्हणीतला क्रमही तोच आहे.

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणं’ या कृतघ्नपणाच्या म्हणीतही हेच वासे. जुन्या घरांना बहुधा छताखाली फळ्या नसत. पानावर बसलेल्यानं मान वर केली की ते ओळीनं दिसायचे. तुळया मोजायच्या म्हटल्या तर दोन-तीनच निघतील.