जॉर्डन बेसबॉलमध्ये आपटला? आकडा पूर्ण वाचा

मायकल जॉर्डनबद्दलचा एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय. बास्केटबॉल सोडून तो १९९४ मध्ये बेसबॉल खेळायला गेला आणि सपशेल आपटला. मुळात तो सगळा स्टंट होता, जुगारामुळे बास्केटबॉल लीगने (एनबीए) त्याच्यावर घातलेली गुप्त बंदी झाकण्यासाठी. जमेना म्हणून मग मुकाट्याने परतला. पुरावा म्हणून पुढे केली जाते ती ०.२०२ ही बॅटिंगची सरासरी, म्हणजे दर हजार संधींत २०२ हिट (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं).

सरासरी खरी आहे. बर्मिंगहॅम बॅरन्सकडून १२७ सामन्यांत ८८ हिट, ११४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), होमरन (चेंडू सहसा थेट मैदानाबाहेर) फक्त ३. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात क्षेत्ररक्षण करताना, ११ चुका. हे आकडे चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. पण ते कुठले आणि कोणाचे, हे कुणी सांगत नाही. बॅरन्स हा व्हाइट सॉक्स या मेजर लीग संघाच्या हाताखालचा डबल-ए संघ, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोनच पायऱ्या खाली. मेजर लीगच्या संघांनी निवडलेली पोरं सहसा खालच्या लीगमधून चढत इथवर येतात आणि त्यातली बरीच इथेच अडकतात. जॉर्डन थेट इथे उतरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, शाळेनंतर बेसबॉल सुटलेला असताना.

तरी सुरुवातीला त्याने सलग १३ सामन्यांत हिट मारले. मग पिचर (चेंडू टाकणारे) शहाणे झाले: सरळ वेगवान चेंडू याला कळतो, वळणारा कळत नाही. त्यात साडेसहा फूट उंची. हात लांब, त्यामुळे बॅट यायला उशीर, आणि स्ट्राइक झोनही (ज्यातून गेलेला चेंडू न मारला तरी स्ट्राइक धरतात ती जागा) ऐसपैस. कर्व्हबॉल आणि स्लायडर या वळणाऱ्या चेंडूंवर तो हवेतच बॅट फिरवत राहिला. बॅटिंग कोच माइक बार्नेटबरोबर त्याचा सराव मात्र थांबला नाही. पहिला होमरन ३० जुलैला आला. मोसमात त्याने ३० बेस चोरले (चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठला), ५१ वॉक (चार चुकीचे चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवले. मला हे वॉक फार बोलके वाटतात. चेंडू पारखता येत नाही त्याला इतके वॉक मिळत नाहीत. त्याच वर्षी ॲरिझोना फॉल लीगमध्ये, निवडक होतकरू खेळाडूंसमोर, त्याची सरासरी ०.२५२ होती. आणखी हजारेक वेळा बॅटिंग मिळाली असती तर तो मेजर लीगमध्ये पोचला असता, असं बॅरन्सचा तेव्हाचा मॅनेजर टेरी फ्रँकोना पुढे म्हणाला. बोस्टनला २००४ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकून देणारा हाच तो फ्रँकोना.

गुप्त बंदीचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही. एनबीएचे तेव्हाचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ती कायम नाकारली. जुलै १९९३ मध्ये वडिलांचा खून झाला होता आणि मुलाने बेसबॉल खेळावं ही त्यांची इच्छा होती, हे मात्र सर्वांना माहीत आहे. स्टंटसाठी कोण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावोगावी बसने हिंडत १२७ सामने खेळेल?

एक आक्षेप मला मान्य आहे. ही संधी त्याला नावामुळे मिळाली. त्याचा बास्केटबॉल संघ शिकागो बुल्स आणि बॅरन्सच्या वरचा व्हाइट सॉक्स, दोन्हींचे मालक जेरी राइन्सडॉर्फच होते. दुसऱ्या कुणा एकतिशीतल्या नवख्याला डबल-एमध्ये जागा मिळाली नसती, आणि त्या जागेसाठी झुरणारी पोरं होतीच.

राहिलं परतणं. १२ ऑगस्ट १९९४ ला मेजर लीगच्या खेळाडूंनी संप पुकारला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९९५ च्या वसंतात मालक संपकऱ्यांच्या जागी बदली खेळाडू उतरवायला निघाले. संप मोडून खेळायला जॉर्डनने नकार दिला आणि मार्चमध्ये तो सराव शिबिरातून बाहेर पडला. संप मिटला तो एप्रिलमध्ये. तोवर जॉर्डन पुन्हा बुल्सकडून खेळू लागला होता.