४३३ मेगाहर्ट्झचा बुटका अँटेना: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी, की आमचा ५० मिमी उंचीचा अँटेना प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर बसवला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे उत्तम) ३.२ येतो, केबलला हात लावला की आकडा बदलतो, जाहिरातीतला १.५ खोटा आहे आणि याच्यापेक्षा साधी वायर बरी.

१.५ हा आकडा ३५० मिमी चौरस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, अँटेना मधोमध ठेवून मोजलेला आहे. ही अट माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत हवी होती, ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. चूक आमची. आज ती जाहिरातीतही आकड्याच्या शेजारी लिहिली आहे.

केबलला हात लावल्यावर आकडा हलतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण खरं दुखणं तिथेच आहे. अँटेनात जेवढा करंट जातो तेवढ्याला परतीची वाट लागते. खाली धातू नसला की तो कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, जाळीच्या बाहेरच्या अंगाने वाहतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. मग मीटरवर दिसतं ते केबलच्या लांबीचं, वळणाचं आणि तुमच्या हाताचं इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण विरोध. केबलवर फेराइटचे मणी (बाहेरून वाहणारा करंट अडवणारे) चढवलेत तर आकडा स्थिर होईल, पण परतीची वाट काही तयार होणार नाही.

म्हणून झाकणावर वरच्या बाजूने पत्रा बसवा. तेवढी जागा नसेल तर बुडाच्या ग्राउंड स्क्रूपासून १७३ मिमीच्या किमान ४ वायर चारी दिशांना झाकणाला चिकटवून पसरा. ८ असतील तर उत्तम. पत्रा रंगवलेला असेल तर वॉशरखालचा रंग धातू चकाकेपर्यंत खरवडा आणि दातेरी वॉशर घाला. रंगाचा पातळ थरही पुरेसा नडतो.

मग जुळवणी. व्हीएनए (अँटेनाचं इम्पिडन्स मोजणारं यंत्र) केबलच्या अँटेनाकडच्या टोकावर ओपन, शॉर्ट, लोड ही तीन प्रमाण टोकं लावून कॅलिब्रेट करा. हे टाळू नका: केबलमध्ये २ डीबी लॉस असेल तर खरा ३.२ दुसऱ्या टोकाला २ च्या आसपास दिसतो आणि माणूस फसतो. वरचं प्लास्टिकचं कव्हर लावूनच मोजा, कारण त्याने रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ती) खाली येतो. एसडब्ल्यूआरच्या आलेखातला खड्डा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या खाली असेल तर अँटेनाच्या आडव्या वायरचं मोकळं टोक कापा, पण एका वेळी १ मिमीच. तेवढ्यानेही रेझोनन्स साधारण अडीच मेगाहर्ट्झ वर सरकतो. खड्डा जागेवर आहे पण उथळ आहे, तर स्मिथ चार्ट (व्हीएनएवरचा इम्पिडन्सचा गोल आलेख) पाहा. नुसता एसडब्ल्यूआर २ म्हणजे २५ ओहमही असू शकतात आणि १०० ही. बिंदू मध्याच्या डावीकडे असेल तर रेझिस्टन्स कमी आहे, फीड (केबल जोडायची जागा) शॉर्ट पोस्टपासून, म्हणजे आडवी वायर ग्राउंडला जोडणाऱ्या खांबापासून, दूर पुढच्या भोकात न्या. उजवीकडे असेल तर पोस्टजवळ आणा. भोक बदललं की रेझोनन्सही थोडा हलतो, तेव्हा शेवटचा मिलिमीटर त्यानंतरच कापा.

शॉर्ट पोस्ट काढून बघायचा मोह मात्र आवरा. या उंचीला तो नसेल तर रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बाहेर टाकण्यात कामी येणारा रेझिस्टन्स) जेमतेम ८ ओहम उरतो, म्हणजे ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर ६.

साध्या वायरबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. १७३ मिमी उभी वायर चांगल्या ग्राउंडवर सुमारे ३६ ओहम देते, तिची बँडविड्थही (अँटेना नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) जास्त असते. वर तेवढी जागा मोकळी असेल तर तीच वापरा. आमचा अँटेना ५० मिमीच्या वर जाता येत नाही तिथल्यासाठी आहे, आणि उंची कमी केल्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते. ग्राउंड मात्र दोघांनाही लागतं.

भोकं पाडलेला पत्रा आणि दातेरी वॉशर आम्ही विनामूल्य पाठवतो. तो बसवायला जागाच नसेल तर अँटेना परत करा, वायर कापलेली असली तरी पूर्ण पैसे मिळतील. पत्रा बसवल्यावरही आकडा २ च्या वर राहिला तर ४२० ते ४५० मेगाहर्ट्झचा स्मिथ चार्ट आणि बुडाचा जवळून काढलेला फोटो पाठवा.